सागवानी छताचा दाखला

गाडी बंद होऊन चाळीस वर्षे झाली होती, तरी जावातल्या त्या जुन्या स्टेशनाचे सागवानी छत जागचे हलले नव्हते. ठेकेदार हेंदार्तोला ते उतरवून पत्रे बसवायचे होते. त्यासाठी लाकूड कुजल्याचा दाखला हवा होता. छताची डागडुजी आजवर सारीजान सुतार करत आला, म्हणून पहिली सही त्याची. तो आला नाही, तरच शहरातला सुतार चालणार होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सारीजानला सगळे म्बाह, म्हणजे आजोबा म्हणत.

"फक्त सही करा, म्बाह. वर चढायचीही गरज नाही."

इथे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. माणूस हो म्हणतो आणि ठरल्या दिवशी उगवत नाही. हेंदार्तो त्याच भरवशावर होता.

"नाही," म्बाह म्हणाला.

हेंदार्तो हसला. "कमी ऐकू येतं का हल्ली?"

"मला येतं. तुझं बघ."

म्बाहने शिडी लावली. नगरपालिकेच्या कारकुनाने ती न सांगता धरली. म्बाहने सातही तुळयांत टोच्या दाबून पाहिला. टोक नखाएवढेही आत शिरले नाही. खाली उतरून त्याने दाखल्यावर लिहिले: सात तुळया तपासल्या, लाकूड निरोगी. खाली सही केली.

हेंदार्तोने कागद फाडला.

म्बाह तिकीटखिडकीच्या कट्ट्यावर बसला. "दुसरा आण. संध्याकाळपर्यंत मी मोकळाच आहे."

कारकुनाने पिशवीतून कोरा कागद काढला.