इतवारी आत्याची चाल

टीव्हीवर संगीतकार अंकुश सरांच्या हातात ती सोनेरी बाहुली दिली, तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. सिनेमाच्या सर्वोत्कृष्ट मौलिक, म्हणजे स्वतः रचलेल्या, संगीताचं बक्षीस! आणि हे महाशय डोळे मिटून म्हणतात, "ही चाल मला ताडोबाच्या पहाटेनं दिली."

डोंबलाची पहाट! माझ्या इतवारी आत्यानं दिली. मुंबईहून हे मोहर्लीला सफारीला आले, संध्याकाळी आमच्या गावात नाच बघायला बसले आणि आत्याचं गाणं मोबाइलमध्ये भरून घेऊन गेले. आत्याचा नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला तो परतलाच नाही. त्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचता वेचता तिनं ते रचलं होतं. सिनेमात त्यावर हिरो-हिरॉइन धबधब्याखाली भिजतात.

मी पुरस्कार समितीला मेल केले, फोन केले, पिच्छाच पुरवला. शेवटी समितीतल्या एका बाईंचा फोन आला. मी स्पीकर लावला आणि म्हटलं, "आत्या, सांग यांले, चाल कोनाची हाये ते."

तिथंच घात झाला. आमच्या गावात गाणं रचणारी कधी 'माझं' म्हणत नाही. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, की ते गावाचं झालं. स्वतःचं नाव लावणं म्हणजे मिरवणं, आणि मिरवणारीच्या मागे कोणी गात नाही.

"माहं कायचं जी बाई," आत्या लाजून म्हणाली. "गावाचं हाये."

"म्हणजे पारंपरिक," बाईंचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग त्यावर कुणाचा हक्क नाही."

"मग ते त्यांचं मौलिक कसं?" मी ओरडले.

"त्यांनी त्यावर संस्कार केलेत." फोन बंद.

संस्कार! चोराला साव ठरवायला किती गोंडस शब्द सापडतात या लोकांना. सरांना पहाटेचं नाव घेता आलं, आत्याचं नाही. मी आत्यावरही भडकले. "एक डाव माहं म्हटलं असतं तर जीभ झडली असती का तुही?"

"काऊन चिडून राह्यली वं मोनाली? त्यानं गायलं म्हणून गाणं सरलं का?"

मी ऐकते काय! तिला अंगणात बसवून गायला लावलं, व्हिडिओ केला आणि तिचं नाव ठळक घालून इंटरनेटवर टाकला. थोड्याच दिवसांत तो काढून टाकला गेला. या गाण्याचे मालक सिनेमावाले आहेत आणि तुम्ही ते विनापरवाना वापरलंत, असा निरोप मोबाइलवर आला.

"काय लिवलं हाये वं?" आत्यानं विचारलं.

"तू त्याईचं गाणं चोरलं म्हणून."

"म्या?"

तिचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. तिनं माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला आणि त्या दिवशीच्या बाई अजून त्यात आहेत असं समजून जोरानं बोलली, "ओ बाई! माहं हाये ते गाणं! म्या रचलं! इतवारी म्हनतात मले!"

आणि उत्तराची वाट बघत तिनं तो कानाला लावला.