कमरेला हँडल

नॉरिसची बोट सत्तावन्न फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. बायको अ‍ॅव्हिस गेली तेव्हापासून आठ महिने बोट कालव्याच्या काठाला नुसती बांधून होती. मुलगी लॉर्ना म्हणत होती, विकून टाका. शेवटी असं ठरलं की नॉरिसनं एक दिवस बोट काढायची, पाच लॉक, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणारे दारांचे हौद, चढून वरच्या पबपर्यंत जायचं, तिथं बोट वळवून संध्याकाळी परत यायचं. एकही चूक झाली नाही तर बोट राहील. झाली तर सोमवारी जाहिरात. पंच म्हणून अ‍ॅव्हिसची थोरली बहीण थेल्मा सोबत.

सुकाणूही पंचांकडेच होतं. अ‍ॅव्हिस असताना सुकाणू तीच धरायची. नॉरिस काठावर उतरून लॉकच्या झडपा आणि दारं उघडायचा. कप्तान पायी आणि बायको बोटीत, म्हणून लोक हसायचे. थेल्मानं मात्र सुकाणूला आज पहिल्यांदाच हात लावला होता. पहिल्याच पुलाला बोट धाडकन घासली.

"ही चूक कुणाच्या नावावर?" नॉरिसनं विचारलं.

"पुलाच्या. मधे येऊन उभा राहिलाय."

"बदकंसुद्धा पुढं गेली बघ."

"जाऊ दे. त्यांना कामं असतात. तू निवृत्त आहेस."

दोन लॉक नीट पार पडले. तिसऱ्याचं दार जड होतं. बोट बाहेर पडल्यावर नॉरिसनं झडपा फिरवायचं सुटं हँडल दाराच्या लांब दांड्यावर ठेवलं आणि पाठ लावून दार लोटलं. तेवढ्यात थेल्मा ओरडली, "सँडविचमध्ये लोणचं घालू का?" तो "घाल" म्हणाला आणि बोटीत चढला.

चौथ्या लॉकला उतरून त्यानं कमरेच्या पट्ट्याला हात लावला. हँडल नव्हतं.

अ‍ॅव्हिस दर लॉकनंतर ओरडायची, "हँडल?" तो वैतागून म्हणायचा, "कमरेला! मी काय कुक्कुलं बाळ आहे?" एकतीस वर्षांत त्यानं एकही हँडल हरवलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय तो स्वतःच्या स्मरणशक्तीला द्यायचा. बोटीत दुसरं हँडल होतं. कुठं, ते अ‍ॅव्हिसला माहीत.

"थेल्मा, चहा टाक. मी जरा पाय मोकळे करून येतो."

"उलट्या दिशेनं?"

त्यानं रिकामा पट्टा दाखवला. मग म्हणाला, "हँडल मागच्या लॉकवर राहिलं. कर लॉर्नाला फोन."

"आधी घेऊन ये. फोन कुठं पळत नाही."

तो मैलभर मागे चालत गेला. हँडल दांड्यावर ठेवलं होतं तिथंच होतं. तो त्याच्या शेजारी थोडा वेळ बसला. मग उठून परत आला.

थेल्मा फोनवर बोलत होती. "हो, चूक झाली एक. माझी गं. सुकाणूवर असेल त्यानं दर लॉकनंतर हँडल विचारायचं असतं. तुझी आई विचारायची. मी लोणचं विचारत बसले... हो, बोट शाबूत आहे. पुलाचं सांगता येत नाही."

तिनं फोन ठेवला.

"खोटं बोललीस," नॉरिस म्हणाला.

"कुठं? परीक्षा तुझी होती, चूक माझी. चहा निवलाय, तसाच पी. एवढा वेळ लावलास ते तुझ्या नावावर."

चौथा लॉक भरला. बोट वर आली, बाहेर पडली. नॉरिसनं पाठ लावून दार बंद केलं. थेल्मानं सुकाणू आधी चुकीच्या बाजूला वळवलं, मग बरोबर. आणि मागे वळून पूर्ण घसा ताणून ओरडली, "हँडल?"

नॉरिस बोटीकडे निघाला होता.

"कमरेला!" तो ओरडला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मग त्यानं पट्टा चाचपला, आणि थेल्माकडे न बघता दोन पावलं मागे जाऊन दांड्यावरचं हँडल उचललं.