डाव्या नळीचे दहा मिलिलिटर

शस्त्रक्रियेनंतरच्या दहाव्या दिवशी सकाळी लेक, तिचे वडील आणि एक घडी घातलेला कागद असे तिघे ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरांसमोर येऊन बसले.

दोन वर्षांच्या चिकाटीने लेकीने आपले पुष्कळ वजन उतरवले होते. मागे उरली होती ती पोटावर लोंबणारी सैल त्वचा. शल्यविशारदांनी ती काढून पोट सांधले आणि त्वचेखाली दोन बारीक नळ्या ठेवल्या, एक डावीकडे व एक उजवीकडे. आत साचणारा स्राव नळीवाटे डाळिंबाएवढ्या मऊ फुग्यात उतरे. तो रोज मापून कागदावर लिहायचा, आणि चोवीस तासांत तीस मिलिलिटरहून कमी असा सलग दोन दिवस भरला की ती नळी काढायची, असा इथला नियम होता.

लेकीला घाई होती. दूरच्या शहरात धाकटी बहीण बाळंत झाली होती आणि बारा तासांच्या बसचे तिकीट परवाचे होते. अंगात नळी असताना प्रवास नाही, असे शल्यविशारदांनी बजावले होते.

"वाचा सिस्टर," वडील म्हणाले. "उजवीकडे बावीस, अठरा. डावीकडे दहा, दहा. पास की नापास?"

सिस्टर आकड्यावर बोट ठेवून, एकही ओळ न सोडता वाचत. उजव्या रकान्यातले आकडे जिना उतरावा तसे उतरले होते: सत्तर, पंचावन्न, चाळीस, तीस, बावीस, अठरा. डावा रकाना मात्र, लेक घरी गेली त्याच दिवशी, पासष्टवरून थेट बारावर आला होता. जखम भरताना देह आपला स्राव सावकाश आवरून घेतो. अशी उडी मारणे त्याच्या स्वभावात नाही. सिस्टरांचे कुतूहल जागे झाले.

"घरी मोजतं कोण?"

"उजवीकडचं मी. डावीकडे मला वळवत नाही, म्हणून ते बाबांकडे. थेंब सांडू देत नाहीत हं! चाळीस वर्षं गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढलेत त्यांनी, हात बघा कसा स्थिर आहे."

"तो दिसतोय गं. झोप बघू जरा."

"काढताय ना दोन्ही?"

"काढायला मला दोन मिनिटं लागतात. पण चुकीच्या दिवशी काढली तर आत तळं साचतं, मग ते सुईनं उपसत बसावं लागतं. बहिणीच्या घरी जाऊन बाळाचं करणार की स्वतःचं?"

सिस्टरांनी पोटपट्टा सोडला. उजवीकडे त्वचा सपाट होती. डावीकडे एका हाताने हलकेच दाबले तेव्हा दुसऱ्या हाताच्या बोटांना पाण्याच्या पिशवीसारखी लाट लागली. मग त्यांनी दोन्ही फुगे शेजारी शेजारी धरले. उजवा मुठीत आवळल्यासारखा चेपलेला. डावा गोल गरगरीत.

"कुठंतरी पाणी मुरतंय," त्या पुटपुटल्या. "काका, घरी फुगा रिकामा करता ना, तसाच आत्ता करून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही."

वडिलांनी कोपरापर्यंत हात धुतले. झाकण उघडले, स्राव मापात ओतला, झाकणाचे तोंड कापसाने पुसले. सगळे यथासांग. मग त्यांनी फुगा उजेडात धरला आणि दोन्ही अंगठ्यांनी फिरवत फिरवत त्याची उरलीसुरली सुरकुती घालवली. तो पूर्ण गोल झाल्यावरच झाकण बंद केले.

"हे शेवटी काय केलंत?"

"पोचा काढला. इथून घरी नेला तेव्हाच चेपलेला होता. म्हटलं, एवढं मोठं ऑपरेशन आणि फुगा असला! रोज काढतो."

"बाबा!" लेक किंचाळायचीच बाकी होती.

"काका, तो पोचाच तर काम करतो," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "चेपलेला फुगा पुन्हा फुगायला बघतो, म्हणून आतलं पाणी ओढून घेतो. गोल केलात की तो जेवून उठलेला पाहुणा. आणखी काय घेणार?"

वडिलांनी फुगा सिस्टरांच्या हातात दिला. "चाळीस वर्षांत पोचा काढला म्हणून कुणी तक्रार केली नव्हती," ते हळूच म्हणाले.

सिस्टरांनी झाकण उघडले, फुगा मुठीत चेपला आणि चेपलेला असतानाच झाकण लावले. नळीत फिकट लालसर पिवळी रेघ सरकू लागली. तिघेही मान वाकवून पाहत होते. लेक क्षणभर आपले प्रवासाचे दुःखही विसरली. अर्ध्या तासाने मापले तेव्हा पंचेचाळीस मिलिलिटर भरले.

शल्यविशारद आले, त्यांनी पोट तपासले आणि निर्णय दिला: उजवी आज काढायची, डावी राहील.

सिस्टरांनी उजव्या नळीचा फुगा उघडून ओढ सोडवली, धरून ठेवणारा टाका कापला. "श्वास घे. आता सोड, सावकाश." त्या सुटत्या श्वासाबरोबर नळी एका संथ गतीने बाहेर आली.

"झालं? मला वाटलं, जीव जाईल. गांडूळ सरकल्यागत वाटलं नुसतं."

नळी गॉझवर आडवी ठेवून सिस्टरांनी तिचे टोक अखंड असल्याची खात्री केली. आत तुकडा राहिलेला नव्हता. मग छिद्रावर कोरडी पट्टी लावली.

लेकीने पडल्या पडल्याच बहिणीला फोन लावला. "परवा नाही गं जमत. डावी नळी राहिली."

"का? आकडे तर छान होते म्हणालीस, ताई!"

लेकीने वडिलांकडे पाहिले. ते फरशीच्या रेघा पाहण्यात गढले होते.

"आत अजून पाणी आहे म्हणून," ती म्हणाली. "बाबा बघतायत. नीट बघतायत."

"मग बरी होऊन ये. ही कुठं पळून चाललीय? मान धरायलाच अजून तीन महिने लागतील तिला."

पलीकडून बारीक, अनोळखी शिंक ऐकू आली. लेकीने डोळे मोठे केले आणि फोन वडिलांच्या कानाला लावला.