ठिपक्यांचा रुमाल

मालिकेतल्या दाईनं सोमवारी बाळ पळवलं आणि मंगळवारी सकाळी माझ्या सुनेच्या पाळणाघरात दोन मुलं कमी आली.

"सर्दीची साथ असेल, आई," सून म्हणाली.

"असेल," मी म्हटलं. ही सर्दी कुठल्या चॅनलवर लागते ते मला ठाऊक होतं. त्याच मालिकेच्या कपडेपटात मी काम करते. कपडे धुवायचे, इस्त्री करायची, तुटलेली बटणं लावायची. जे कपडे यंत्रात टाकले तर खराब होतात ते घरी आणून हातानं धुते. त्या दाईचा रुमाल त्या दिवशीही माझ्या गाठोड्यात होता.

सून पुलापलीकडची. तिकडची माणसं आमच्यापेक्षा रंगानं गडद, केसांनी कुरळी आणि बोलताना वाक्याचा शेवट जरा लांबवतात. बाकी दोन हात, दोन पाय आणि महिनाअखेरीची काळजी, सगळं आमच्यासारखंच. पण मालिकेत पलीकडचं माणूस आलं की मागे ढोल वाजायला लागतो. त्याच्या गळ्यात ठिपक्यांचा रुमाल असतो. ते माणूस कधी खिसा कापतं, कधी दुधात काहीतरी कालवतं, आणि या खेपेला तर दाई होऊन पाळण्यातलं बाळच उचलून नेलं होतं.

समोरच्या घरात एक बाई राहते. दिवसभर खिडकीत असते, म्हणून सगळे तिला खिडकीकाकू म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं. तिनं त्या सकाळी वरूनच विचारलं, "अहो, तुमची सून तसला रुमाल बांधत नाही का हो?"

"नाही बाई."

"कधीच नाही?"

"लग्न होऊन आली तेव्हापासून तरी नाही."

"मग बरं आहे," काकू म्हणाली. पण दुपारपर्यंत तिनं विचार पुढे नेला होता. "बांधत नाही म्हणजे काढून ठेवला असेल. ओळखू येऊ नये म्हणून."

बांधला तरी चोर, नाही बांधला तर लपलेला चोर.

तरीही आठवडा निभावला असता. पण शनिवारी संध्याकाळी सुनेचा धाकटा भाऊ आला. सुतारकाम करतो. पाळणाघरातल्या मुलांसाठी त्यानं लाकडी घोडा करून आणला होता, डुलणारा, त्याला खऱ्या दोऱ्यांची आयाळ. आया मुलांना न्यायला आल्या होत्या, दारात चपलांची गर्दी. घोडा खाली ठेवून त्यानं जवळ रांगणारं एक मूल कौतुकानं वर उचललं.

आणि त्याच्या गळ्यात होता ठिपक्यांचा रुमाल. कोरा करकरीत.

त्या मुलाच्या आईनं उतू जाणारं दूध उतरवावं तसं मूल त्याच्या हातातून ओढून घेतलं. चपला एवढ्या भराभर पायांत गेल्या की एकीनं दुसरीची घालून नेली. समोर खिडकीत काकू मान हलवत होती. तिला जे हवं होतं ते चालत दारापर्यंत आलं होतं.

दार लावल्यावर सून भावाकडे वळली. "हे कुठून आणलंस?"

"बाजारातून. तिकडे हल्ली सगळे घालतात, ताई."

"आजोबा घालायचे? बाबा घालतात?"

"बाबांना तर घोरताना चादरसुद्धा गळ्यापर्यंत चालत नाही."

"मग तू कशाला?"

तो जरा ओशाळला. "तो दरोडेखोर नाही का मालिकेतला? काय चालतो तो! शेवटी मरतो, पण चालतो भारी."

"अरे, पण दरोडेखोर आहे तो!"

"मग दुसरं कोण दाखवतात आपल्यातलं?" तो म्हणाला. "एखादा डॉक्टर दाखवू दे, मी पेटी घेऊन हिंडेन."

सुनेनं हात पुढे केला. त्यानं रुमाल सोडून तिच्या हातात दिला. तिनं तो घडी करून फडताळात टाकला आणि घोड्याला एक टिचकी मारली. रिकाम्या खोलीत घोडा बराच वेळ डुलत राहिला.

सोमवारी एकच मूल आलं. बसवरच्या कंडक्टरीणबाईंची मुलगी, हिरड्या शिवशिवत असल्यानं दिसेल ते चावणारी. कंडक्टरीणबाई उंबऱ्यातच थांबल्या. एरवी मुलीला सुनेच्या हातात देऊन पळायच्या, त्यांची पहिली बस असते.

"मावशी, तुमच्यापाशी लपवत नाही," त्या मला म्हणाल्या. "नवरा म्हणतो, तिथून काढ. गावाहून त्याच्या आईला बोलवून घेऊ म्हणतो. मी दिवसभर गाडीवर असते. डोक्यात नको ते यायला लागलं की तिकिटं चुकतात."

"तुमच्या मुलीला इथे काही कमी पडलं का?"

"नाही हो. इथून घरी यायला रडते ती. तेच तर कळत नाही मला." मुलगी सुनेच्या कुरळ्या केसांत बोटं अडकवून बसली होती. "आज ठेवते. उद्याचं संध्याकाळी सांगते."

त्या गेल्यावर सून म्हणाली, "आई, ही गेली तर मी पाटी उतरवणार. एकही मूल नसेल तर त्याला पाळणाघर म्हणत नाहीत, नुसती खोली म्हणतात."

ती पाटी मी रंगवलेली. अक्षरं मी उतारवयात शिकले, म्हणून 'पाळणाघर'मधला 'ळ' जरा जास्तच प्रेमानं काढला आहे. सून रोज तिच्यावरची धूळ पुसते.

मी कामावर गेले, पण मनात एकच घोळत होतं. सुनेच्या आजोबांनी बांधला नाही, बापानं बांधला नाही, भावानं पडद्यावर बघून बांधला. मग पडद्यावर तो आला कुठून? मला ही लहानपणापासूनची खोड. कुणी म्हणालं, असंच असतं, की माझा पाय तिथून निघत नाही. आणि इतकी वर्षं हे रुमाल मी धुतले, ते कुणाचे हा प्रश्न मात्र कधी सुचला नव्हता.

कपडेपटाची प्रमुख म्हणजे एक हुशार, भराभर बोलणारी मुलगी. तिला विचारलं.

"पलीकडचे लोक घालतात म्हणून," ती म्हणाली.

"तुम्ही पाहिलंत?"

"अहो आजी, सगळ्याच मालिकांमध्ये असतो तो."

"मालिकांत असतो. पुलापलीकडे पाहिलात का?"

तिनं तोंडातली टाचणी काढली. "पूल ओलांडायला वेळ कुठे आहे मला? मी आले तेव्हा कपाटात होतेच हे रुमाल. पण तुम्ही विचारलंत म्हणून आता मलाही प्रश्न पडला. रंगमास्तरांना विचारा ना, ते सगळ्यांत जुने."

रंगमास्तर चेहरे रंगवतात. आता हात थरथरतो, म्हणून डोळ्यांच्या रेघा दुसऱ्यांना देतात, पण रंग कालवतात स्वतःच. आरशासमोर मालिकेतली दाई बसली होती. गोरीपान, गप्पिष्ट पोरगी. मास्तर तिच्या कपाळापासून तपकिरी रंग खाली ओढत होते.

"मास्तर, पलीकडच्यांच्या गळ्यात रुमाल कुणी आणला?"

मास्तर आरशातच हसले. "मी आणला, अक्का!"

"तुम्ही पलीकडचे?"

"छे हो. ऐका. पहिल्या-पहिल्यांदा एक नट होता, असाच हिच्यासारखा गोरा. हुकूम आला, हा पलीकडचा दिसला पाहिजे. मी रंग लावला. पण लावायचा कुठवर? कुठंतरी थांबायला हवं. गळ्याशी थांबलो. खाली सदरा पांढरा. दुपारपर्यंत कॉलर अशी व्हायची जशी चहाची गाळणी. कपडे धुणारी बाई माझ्या नावानं बोटं मोडायची."

"मीसुद्धा मोडते."

"ठाऊक आहे. तर मी म्हटलं, गळ्याला फडकं बांधा. कॉलर वाचली, पण डाग फडक्यावर दिसायला लागले. मग ठिपक्यांचं आणलं. ठिपक्यांत डाग लपतात. झालं! पुढच्या मालिकेवाल्यांनी ते बघितलं, त्यांना वाटलं हा तिकडचा पोशाख."

दाई आरशातून माझ्याकडे बघत होती. "म्हणजे रुमाल पलीकडच्या माणसाचा नाहीच?"

"त्याला कशाला लागेल?" मास्तर म्हणाले. "त्याचा रंग कॉलरला लागतो थोडाच. रंग लावलेल्या माणसालाच रुमाल लागतो."

"मग पलीकडचाच नट का घेत नाहीत?" मी विचारलं.

"एकदा घेतला होता. गुणी मुलगा. पण म्हणाले, हा पलीकडचा वाटत नाही. म्हणून त्याला रुमाल बांधला. तरी म्हणाले, काहीतरी कमी पडतंय. मग मला त्याच्या अंगावर वरून आणखी एक हात रंग द्यायला लावला."

"कमी काय पडत होतं?"

मास्तरांनी ब्रश बाजूला ठेवला. "मी विचारलं होतं, अक्का. त्यांना सांगता आलं नाही. त्या मुलानंही विचारलं. त्यालाही कुणी सांगितलं नाही."

संध्याकाळी मी गाठोडं घेऊन घरी आले. एरवी मागच्या अंगणात धुते. त्या दिवशी बादली पुढच्या नळाखाली लावली. कंडक्टरीणबाई यायची वेळ झाली होती आणि समोरच्या खिडकीत दिवा लागला होता.

त्या आल्या. मुलगी सुनेच्या कडेवरून त्यांच्या कडेवर गेली आणि लगेच पाण्याकडे झेपावली. मी दाईचा रुमाल बादलीत पिळला. पाणी तपकिरी झालं.

"मावशी, हे काय?"

"बाळ पळवणाऱ्या दाईचा रुमाल. तिचा रंग आहे हा. ती आपल्याइतकीच गोरी आहे, हा वरून लावतात. सदऱ्याला लागू नये म्हणून गळ्यात रुमाल." मग मास्तरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं.

कंडक्टरीणबाईंनी रुमाल हातात घेतला, उलटसुलट केला, हुंगला. "एवढा रंग?" त्यांच्या बोटांना तो लागला. मुलीनं बादलीत हात बुचकळला आणि आईच्या गणवेशावर पाच बोटं उमटवली.

वरून खिडकीकाकूचा आवाज आला. "मग तुमच्या सुनेचा निघत नाही वाटतं?"

मी वर बघून बोलणार होते, पण सून पुढे आली. तिनं बाह्या वर केल्या, हात कोपरापर्यंत नळाखाली ओले केले, साबण घेतला आणि घासले. चांगले घासले, भांडं घासतात तसे. मग पुन्हा नळाखाली धरले आणि खिडकीच्या दिशेनं वर केले. वाहून गेलेला फेस पांढराशुभ्र होता. हात होते तसेच.

"बघा हो काकू," ती म्हणाली. "मी लहानपणी एकदा असंच करून पाहिलं होतं. तेव्हाही निघाला नव्हता."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मलासुद्धा नाही. काकूनं खिडकी मात्र लावली नाही.

कंडक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, एक विचारू? मग तुम्ही लोक गळ्यात घालता तरी काय?"

"काही नाही. उकडतं हो."

दोघी एकदम हसल्या. मग कंडक्टरीणबाई हसता हसता थांबल्या. "तिकडची मुलं हा रुमाल घालून बसमध्ये चढतात. परवा माझी शिट्टी पडली, एकानं सीटखाली वाकून शोधून दिली. मी शिट्टी घ्यायच्या आधी माझी पिशवी चाचपली. त्यानं बघितलं ते." त्यांनी मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "उद्या जरा लवकर आणू का? माझी वेळ बदलली आहे. नवऱ्याला मी सांगते. हा डाग दाखवूनच सांगते."

"आणा," सून म्हणाली. "मी उठलेली असते."

बाकीची मुलं अजून आलेली नाहीत. एकीनं निरोप पाठवला आहे, बघू म्हणून. मालिका चालू आहे, ढोलही वाजतो. कपडेपटातल्या त्या मुलीनं वर विचारून पाहिलं, रुमाल काढू का. उत्तर आलं, मग प्रेक्षकांना कळणार कसं?

सुनेचा भाऊ पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की घोड्यावरच बसला. मग म्हणाला, "आणि मी त्यासाठी घासाघीस केली होती!" फडताळातून रुमाल काढून तो कंडक्टरीणबाईंच्या मुलीसमोर बसला. तिची लाळ हनुवटीवरून घोड्याच्या आयाळीवर गळत होती. त्यानं रुमाल तिच्या गळ्यात बांधला, पुढून त्रिकोणी, लाळेऱ्यासारखा. ठिपक्यांत डाग लपतात, हे खरंच आहे.

संध्याकाळी कंडक्टरीणबाई तिला घेऊन निघाल्या. समोरून आवाज आला, "अगं बाई! ही पण पलीकडची झाली की काय?"

"हो काकू," कंडक्टरीणबाई चालता चालता म्हणाल्या, "दात येईपर्यंत."