अंगठ्याचा मुका

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. बायबल म्हणतात मला. नवा होतो तेव्हा माझ्या कडांना सोनेरी मुलामा होता आणि कोणीतरी मला मांडीवर घेऊन वाचील, अशी आशा होती. पण माझ्या नशिबी आली मरणाची चौकशी. नदीकाठच्या आमच्या बरमंडसी वस्तीत कोणाचा खून झाला, की चौकशीचे अधिकारी कॉरोनरसाहेब जवळच्या गुत्त्यात येऊन बसतात, गल्लीतले दुकानदार पंच होतात आणि साक्षीदार माझा मुका घेऊन खरे बोलण्याची शपथ वाहतात. बिअरचे ओठ, तंबाखूचे ओठ, थापाड्यांचे ओठ, सगळे मी सोसले. आता शीण येतो.

डॉर्कस व्हिटलो नावाची धोबीण भरदुपारी आपल्या स्वयंपाकघरात मरून पडली, त्या चौकशीची गोष्ट सांगतो. संशय होता तिच्या भाडेकरूवर, अमॉस टुली या नावाड्यावर. पंचांनी त्याचे नाव घेतले असते तर फाशीची वाट उघडत होती.

किराणावाले गार्लंड पुढे आले. त्यांनी माझा असा मुका घेतला की मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "अमॉसच होता साहेब! मागच्या दाराने निघाला. त्याचा निळा कोट मी ओळखतो." माणूस खोटे बोलत नव्हता. पण तसला निळा कोट नदीवरचा प्रत्येक नावाडी घालतो, हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

मग भाजीवाली केझाया मन आली. तिने मला शालीच्या टोकाने धरले, तोंडाजवळ नेले आणि ओठ टेकवले ते स्वतःच्या अंगठ्यावर.

"ए बाई!" पंचांचा म्होरक्या, बेकर हॅगर, ओरडला. "अंगठ्याचा मुका घेतलास! आम्ही काय दूधखुळे आहोत?"

अंगठ्याचा मुका घेतला की खोटे बोलल्याचे पाप लागत नाही, असे आमच्याकडे लहान पोरसुद्धा जाणते. गुत्त्यात हशा पिकला.

"हसा, पण ऐका तरी," केझाया म्हणाली. "मागच्या दाराने निघताना मी पाहिला तो डाव्या पायाने लंगडत होता. अमॉस कधी लंगडलाय का?"

"आधी पुस्तकाचा मुका घे," कॉरोनरसाहेब म्हणाले. तिने मला मेजावर ठेवून दिले. तिची साक्ष बाद झाली, अमॉसचे नाव घेतले गेले आणि त्याला तुरुंगात नेले. मलाही त्या बाईचा राग आला होता.

सगळे गेल्यावर गुत्त्याची मालकीण मार्था मला पुसू लागली. केझाया दाराशी घुटमळत होती.

"का गं असं केलंस? बिचाऱ्याच्या गळ्याशी आलंय."

"माझ्या लेकीला देवी आल्यात, मार्थाताई. काल माझंही अंग तापलं. मी याला तोंड लावलं असतं तर माझ्यामागून तुम्ही सगळे लावणार. आणि खरं सांगितलं असतं, तर दवाखान्याची गाडी पोरीला घेऊन गेली असती. तिथून परत आलेलं पोर पाहिलंय कधी?"

लेक वाचली. केझाया वाचली नाही. मार्था मग तिची हकीकत सांगायला साहेबांकडे गेली. "मेलेल्या बाईची शपथ आता कोण घेणार?" एवढेच ते म्हणाले.

मोठ्या कोर्टात अमॉसच्या वकिलाने निळ्या कोटातले नावाडी उभे केले, तेव्हा गार्लंडनी भलत्याकडेच बोट दाखवले. अमॉस सुटला, पण त्याला पुन्हा कोणी खोली दिली नाही. लंगडणाऱ्याला तर कोणी शोधलेच नाही.

आता मी या गुत्त्याच्या खिडकीला टेकण म्हणून पडलो आहे. मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण कोणी साक्ष द्यायला उभे राहिले, तर त्याचे ओठ कुठे टेकले हे पाहत बसू नका; तो काय सांगतो ते ऐका. इतक्या वर्षांत मला तोंड लावणाऱ्यांची काळजी केली ती एकीनेच, आणि तिने माझा मुका घेतला नव्हता.