करडी रेघ

"काका, लाल दिवा लागलाय."

मनोऱ्यातल्या स्पीकरवर पुतणीचा आवाज आला आणि अंतराळवीराच्या हातातला चहा हातातच राहिला. खाली धावपट्टीच्या कडेला गुंतवणूकदार माना वर करून उभे होते. विमानाशी होणारं बोलणं त्यांना भोंग्यावर ऐकवायची कल्पना त्याचीच.

"कसला दिवा?" म्हातारा मिस्त्री पुढे सरकला.

"तेलाच्या दाबाचा. पण इंजिन छान गुणगुणतंय. फेरी पुरी करते."

"परत फिर," अंतराळवीर म्हणाला.

ती खुदकन हसली. "परीक्षा घेताय होय? 'दिवा लागला, पण माझा हात थरथरला नाही!' पाठ आहे मला."

पाठ असणारच. नोकरी सोडून त्याने हा विमानांचा कारखाना काढला, तेव्हापासून हीच गोष्ट तो गावोगाव सांगत आला होता. अंतराळात जाण्याआधीची, नव्या विमानांच्या चाचण्या घ्यायचा तेव्हाची. दिवा लागतो, सगळे परत फिर म्हणतात, तो पुढेच जातो. इथे तो क्षणभर थांबायचा आणि अख्खं सभागृह टाळ्यांनी उठायचं. पहिल्या रांगेत दोन वेण्यांची ही चिमणी असायची, त्याच्या ओठांबरोबर ओठ हलवत. भाऊ गेला तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली होती, "भावोजी, पोर तुमच्या पदरात घालते."

निळ्याभोर आभाळात विमान तांदळाएवढं दिसत होतं. त्याच्यामागे धुराची बारीक करडी रेघ उमटली.

मिस्त्रीनेही ती पाहिली. गोष्टीतल्या त्या दिवशीही खाली हाच मिस्त्री होता. त्याने माईक अंतराळवीरापुढे सरकवला.

अंतराळवीराचा हात भोंगा बंद करायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. चारचौघांत स्वतःची अब्रू काढणारा खोटं बोलत नाही, एवढं तरी तिला कळेल.

"चिमणे, भोंगा चालू आहे, सगळे ऐकतायत. मी पुढे गेलोच नव्हतो. दिवा दिसल्या दिसल्या मागे फिरलो. पाय असे लटपटत होते की मिस्त्रीने धरून खाली उतरवलं. बाकीचं मी नंतर रचलं."

स्पीकर नुसता खरखरत राहिला. खालच्या माना आभाळाकडून मनोऱ्याकडे वळल्या. रेघ काळी होत चालली होती.

मग ती रेघ हळूच वाकली, आणि धावपट्टीकडे वळली.

विमान उतरलं. मिस्त्रीने इंजिनाचं झाकण उघडलं. तेलाची नळी उभी फाटली होती, विमानाच्या पोटावर सगळीकडे तेल पसरलं होतं.

"अजून दोन मिनिटं..." तो म्हणाला.

तिने हातमोजे काढले. काकाकडे पाहिलं नाही.

"मी घरची. मला सांगायला तुम्ही मनोऱ्यात बसला होतात," ती म्हणाली. "बाकी ज्यांनी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचा दिवा लागला की त्यांना कोण सांगणार?"

ती चालू लागली. एकेक करून गुंतवणूकदारांच्या गाड्या निघून गेल्या.

अंतराळवीराने मिस्त्रीच्या खांद्यावरचं फडकं घेतलं, गुडघे टेकले आणि विमानाचं पोट पुसू लागला. पुसल्या जागी थेंब पुन्हा जमत होता, जड होत होता, आणि गळत होता.