दोन चंद्रांची भरती

मुरुडच्या सदाला होडी कळत होती, वारा कळत होता, पाणी तर पाठच होतं. बायको चित्रांची पुस्तकं का वाचते, ते मात्र चाळीस वर्षांत कळलं नाही. नीराबाई मासळी विकून परतताना स्टँडजवळच्या रद्दीच्या दुकानातून अंतराळयानांची कॉमिक आणायची आणि जेवणं उरकली की ओट्यावर वाचत बसायची.

"पोरासोरांचं खूळ," सदा म्हणायचा.

ती जाऊन चार महिने झाले. एवढं काय बघायची, म्हणून एके दुपारी त्याने तिच्या पेटीतलं सगळ्यात वरचं कॉमिक उघडलं आणि सबंध वाचून काढलं. शेवटच्या पानावर तारा नावाची कप्तान दोन चंद्रांच्या ग्रहावर अडकली होती. ओहोटीत यान वाळूत रुतलेलं, आत सात दिवसांचीच हवा उरलेली. गोष्ट तिथेच तुटली होती. खाली नीराबाईची पेन्सिल: "यांना विचारायचं. भरती कधी?"

तिने विचारलं होतं. सदाला आठवलं. ताट पुढे ओढत तो म्हणाला होता, "चंद्र एकच हाय. आमटी वाढ."

दुसऱ्या दिवशी तो रद्दीच्या दुकानात गेला.

"ह्याच्या पुढचा अंक हाय काय गं?"

दुकानवाली कल्पिता बघतच राहिली. "काका, तुम्ही आणि कॉमिक? चष्मा तरी आणलाय का?"

"हाय का न्हाय, ते सांग."

"न्हाय. मावशींनीपण पाच खेपा घातल्या. मी म्हटलं, मेली समजा ती कप्तान. तर माझ्यावरच डाफरल्या. म्हणाल्या, मरतेय कशाला? आमच्या ह्यांना विचारते, ह्यांना पाण्याचं सगळं कळतं." ती हसली. "मग काय सांगितलंत?"

सदा कॉमिक काखेत मारून बाहेर पडला.

किनाऱ्यावर होडीत बसून त्याने पान पुन्हा उघडलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे बापाने शिकवलेलं. चित्रातला लहान चंद्र कोरीएवढा, पंचमीचा. म्हणजे पावणेचार. मोठा चांगला भरलेला, एकादशीचा. म्हणजे सव्वाआठ. छे! एक पाणी चढवणार, दुसरा उतरवणार. असल्या पाण्यात रुतलेलं यान हलायचं नाही.

त्याने मागची पानं चाळली. तीन दिवसांपूर्वीच्या चित्रात लहान चंद्र द्वितीयेचा होता. मोठा मात्र होता तसाच, जागचा हललेला नव्हता. सदा बोटांवर मोजू लागला. लहान रोज एक तिथी पुढे. पंचमीवरून एकादशीला सहा दिवस. तेव्हा दोघं एकाच बाजूने पाणी ओढणार. आणि हवा सातची.

"वाचली!" तो ओरडला.

शेजारच्या होडीत जाळं सांधणाऱ्या गणराजने मान वर केली. "कोण वाचली, सदाभाऊ?"

"हाय एक. तुझी पेन्सिल दे जरा."

"पेन्सिल कशाला?"

"उत्तर लिहायचं ऱ्हायलंय."

गणराजने कानावरची पेन्सिल काढून दिली. नीराबाईच्या प्रश्नाखाली सदाने सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: "सहाव्या दिवशी, सव्वाआठला. यानाच्या पायांखालची वाळू आधीच उकरून ठेवायला सांग."